तिथीची साक्ष वार देतो

शंकर बाळकृष्ण दीक्षित १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड गावी जन्मले. शिक्षकी करता करता ते ज्योतिर्गणितात पारंगत झाले. अनेक जुन्या शिलालेखांत तिथीसोबत वारही कोरलेला असतो. दीक्षित तिथीवरून वार काढत; तो जुळला नाही, तर वाचनात, कोरण्यात किंवा धरलेल्या संवतात चूक असल्याचा संशय येई. एरणच्या गुप्त संवत १६५ च्या लेखातील आषाढ शुद्ध द्वादशीचा गुरुवार त्यांच्या गणिताने २१ जून ४८४ शी जुळला. गुप्त संवताचा आरंभ ठरवायला त्याचा आधार झाला. १८९८ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले.

डेटाबेसमध्ये हेच काम ‘चेकसम’ करतो. नोंदींवरून काढलेली ही संख्या त्यांच्यासोबतच साठवतात. वाचताना ती पुन्हा काढून जुळली नाही, तर माहिती बिघडल्याचे बॅकअपच्या चांगल्या प्रती पुसल्या जाण्याआधीच कळू शकते.