होळकरांच्या या महाराजांनी घेतली होती ३२० हॉर्सपॉवरची गाडी, जिचा गिअर टाकायला राजालाही शिकावं लागायचं

संगमनेरमध्ये कुणाच्या घरी नवी गाडी आली की सगळं कसं ठरलेलं असतं. बोनेटवर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, एक नारळ आणि गल्लीत पेढे. आणि पेढा तोंडात असतानाच कुणीतरी तो प्रश्न विचारतंच. मॅन्युअल घेतली की ऑटोमॅटिक?

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असतं, बसस्टँडच्या गर्दीत क्लच दाबून दाबून पाय दुखतो, ऑटोमॅटिकच बरी. पोरगं मात्र अडून बसलेलं असतं. त्याला पुण्याकडे जाताना चंदनापुरी घाटात स्वतःच्या हाताने तिसऱ्याचा दुसरा टाकायचा असतो. त्यातून पोरगं जरा जास्तच गाडीवेडं असेल तर त्याच्या मोबाईलच्या वॉलपेपरवर एखादी मस्टँग असते. मोठं इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि हातात गिअर, म्हणजे अस्सल मसल कार.

तशी गाडी मिळणं सोपं नाही. २०१६ मध्ये फोर्डने मस्टँग अधिकृतपणे भारतात आणली, किंमत होती ६५ लाखांच्या घरात आणि गिअर ऑटोमॅटिक. म्हणजे ज्याला व्ही-एट इंजिन आणि क्लच दोन्ही हवं होतं, त्याची शोरूममध्येच निराशा झाली.

पण आजपासून जवळपास ९० वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने असलीच गाडी अमेरिकेतून मागवली होती. आजच्या मसल कारनाही तोडीस तोड वाटेल अशी.

आणि त्याच्या घराण्याचा धागा थेट नगर जिल्ह्यात येतो. कारण संगमनेर ज्या जिल्ह्यात आहे त्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. २०२४ मध्ये हे नाव ज्यांच्यावरून दिलं गेलं त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. त्यांच्याच होळकर घराण्याच्या गादीवर पुढे जे शेवटचे सत्ताधारी महाराज बसले, त्यांची ही गोष्ट.

त्यांचं नाव यशवंतराव होळकर दुसरे.

आता इथे गोंधळ नको. इंग्रजांना जेरीस आणणारे, १८०४ च्या युद्धात त्यांना पळवणारे ते यशवंतराव होळकर पहिले. आपले यशवंतराव त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी, ६ सप्टेंबर १९०८ ला इंदूरमध्ये जन्मले.

१७ व्या वर्षी गादी मिळाली, ती एका खुनाच्या प्रकरणामुळे

यशवंतरावांचे वडील तुकोजीराव होळकर तिसरे. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत मुमताज बेगम होती, जी पूर्वी इंदूरच्या दरबारात होती आणि तिथून निघून आली होती. हल्लेखोरांचे धागेदोरे इंदूरला पोहोचले आणि देशभर खळबळ उडाली.

इंग्रज सरकारने तुकोजीरावांसमोर दोन पर्याय ठेवले. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. तुकोजीरावांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली.

आणि ती यशवंतरावांच्या वाट्याला आली. तेव्हा त्यांचं वय होतं फक्त १७.

वय लहान म्हणून अधिकार लगेच मिळाले नाहीत. शिक्षण इंग्लंडमध्ये सुरू होतं. आधी चार्टरहाऊस शाळा, मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज. राज्याचे पूर्ण अधिकार हातात आले ते १९३० मध्ये.

लग्न मात्र लहान वयातच झालं होतं. पत्नी संयोगिताराजे कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. राजर्षी शाहू महाराज दत्तक जाण्याआधी ज्या घराण्यातले होते, तेच हे घाटगे.

जुना वाडा सोडून काचेचा आणि स्टीलचा महाल

राजा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झुंबरं, वाघाची कातडी आणि सोन्याचं सिंहासन येतं. यशवंतराव आणि संयोगिताराजे या जोडप्याला यातलं फारसं काही नको होतं.

त्यांनी एकार्ट मुथेसियस नावाच्या तरुण जर्मन आर्किटेक्टला गाठलं आणि इंदूरमध्ये माणिकबाग नावाचा महाल उभा केला. १९३० ते १९३३ या काळात तो तयार झाला. आत एअर कंडिशनिंग, धातूच्या नळ्यांच्या खुर्च्या, आयलीन ग्रे आणि ल कॉर्ब्युझिए यांच्यासारख्या डिझायनरचं फर्निचर. भारतातल्या बहुतेक गावांत वीजही पोहोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

पॅरिसमध्ये मॅन रे या नावाजलेल्या फोटोग्राफरने या जोडप्याचे फोटो काढले. कॉन्स्टँटिन ब्रांकुसी या शिल्पकाराकडून त्यांनी त्याची पक्ष्याची जगप्रसिद्ध शिल्पं घेतली.

थोडक्यात, यशवंतरावांची आवड ठरलेली होती. जे नवं आहे, ज्याच्यावर नक्षीकाम कमी आणि डोकं जास्त लावलंय, ते हवं.

गाडीही त्यांनी तशीच निवडली.

ड्यूसेनबर्ग म्हणजे काय चीज होती?

फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे जर्मनीतून अमेरिकेत आलेले दोन भाऊ. रेसिंगच्या गाड्या बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. १९२१ ची फ्रेंच ग्रां प्री त्यांच्या गाडीने जिंकली. इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली सगळ्यात मानाची शर्यत त्यांनी १९२४, १९२५ आणि १९२७ अशी तीनदा मारली.

१९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडला एकच काम दिलं. जगातली सगळ्यात भारी गाडी बनव.

डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कला ती लोकांसमोर आली. नाव होतं मॉडेल जे. एका रांगेत आठ सिलिंडर, ६.९ लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे २६५ हॉर्सपॉवर. आज आपल्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या छोट्या कारचं इंजिन साधारण १.२ लिटरचं असतं आणि ताकद ८० हॉर्सपॉवरच्या आसपास. यावरून अंदाज करा.

तरी फ्रेडचं समाधान झालं नाही. १९३२ मध्ये याच इंजिनाला सुपरचार्जर लावलेली एसजे आली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त आली की पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. एसजेची ताकद झाली ३२० हॉर्सपॉवर. बोनेटच्या बाजूने बाहेर आलेले चकचकीत एक्झॉस्ट पाइप ही तिची ओळख.

या गाडीची ताकद किती जीवघेणी होती हे तिच्या निर्मात्यालाच कळलं. १९३२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ रस्त्यावर एसजे चालवताना फ्रेड ड्यूसेनबर्गचा अपघात झाला आणि काही आठवड्यांत त्याचा मृत्यू झाला.

मसल कार हा शब्द रूढ झाला १९६० च्या दशकात. पण अमेरिकन कंपनी, राक्षसी इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि हातात गिअर ही सगळी लक्षणं बघितली, तर ही त्या गाड्यांची पणजीच म्हणायला हवी.

नुसतं इंजिन घेतलं, कपडे लंडनमध्ये शिवले

आज आपण शोरूममध्ये जातो, रंग निवडतो आणि गाडी घेऊन येतो. तेव्हा श्रीमंतांच्या गाड्या तशा विकल्या जात नसत. कंपनी फक्त चासी द्यायची, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. मॉडेल जेच्या नुसत्या सांगाड्याची किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर होती. फोर्डची साधी अख्खी कार तेव्हा ५०० डॉलरच्या आसपास मिळायची. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घ्यायची. कापड एकीकडे घ्यायचं आणि शिंपी दुसरीकडे शोधायचा, तसाच प्रकार.

यशवंतरावांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर ड्यूसेनबर्गची एसजे चासी घेतली आणि बॉडीसाठी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीला गाठलं. तिथले डिझायनर ए. एफ. मॅकनील यांनी त्यावर स्पीडस्टर बांधली. लांबच लांब बोनेट, मागे निमुळती होत जाणारी शेपटी, वर पक्कं छत नाही.

यातली गंमत लक्षात घ्या. महाराजांच्या गाड्या म्हणजे बहुतेक वेळा पुढे ड्रायव्हर आणि मागे पडद्याआड महाराज असा मामला. स्पीडस्टर हा प्रकारच स्वतः चालवणाऱ्यासाठी असतो. तिच्यात सगळी मजा स्टिअरिंगमागच्या सीटवर असते.

आणि इथे राजेपण कामाला येत नाही

ड्यूसेनबर्गला तीन गिअर होते आणि त्यात सिंक्रोमेश नव्हतं.

हे सिंक्रोमेश म्हणजे काय? गिअर बदलताना आतली दोन चक्रं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. आजच्या मॅन्युअल गाडीत त्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय असते. म्हणून क्लच दाबला, दांडी सरकवली की काम होतं.

ती सोय नसलेल्या गाडीत हे काम ड्रायव्हरने करायचं. क्लच दाबा, गाडी न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. खालचा गिअर टाकायचा असेल तर ॲक्सिलरेटरला हलका झटका देऊन इंजिनाचा वेग वाढवा. पुन्हा क्लच दाबा आणि नेमक्या क्षणी दांडी सरकवा. याला डबल क्लच म्हणतात. जुने ट्रक चालवलेले ड्रायव्हर आजही याचे किस्से सांगतात.

वेळ चुकली की गिअरबॉक्समधून खर्रकन आवाज येतो. स्टिअरिंगमागे इंदूरचा महाराज असला तरी येतो. वारसा, तोफांची सलामी, खजिना यातलं काहीही तिथे चालत नाही. आठवणीने, कानाने आणि पायाच्या सवयीनेच गिअर पडतो. ज्याला गादी १७ व्या वर्षी वारशात मिळाली, त्याच्या हातातली ही एक गोष्ट अशी होती की जी पैसे मोजून विकत घेतली तरी शिकल्याशिवाय मिळत नव्हती.

पण याची दुसरी बाजूही आहे. हे पैसे काही कारखान्यातून किंवा नोकरीतून आलेले नव्हते. माळव्यातल्या शेतकऱ्याच्या शेतसाऱ्यावर राज्य चालायचं आणि राजाचा थाटही त्यावरच. अहिल्यादेवींनी राज्याचा पैसा आणि घराण्याची खासगी मिळकत वेगळी ठेवली आणि देशभरातली मंदिरं, घाट, विहिरी खासगीतून बांधल्या, म्हणून आज जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. त्याच गादीवरच्या वारसाची अमेरिकन गाडी बघताना हा हिशोब मनात येणारच.

१९३७ साल

या जोडप्याच्या झगमगाटाला १९३७ मध्ये तडा गेला. संयोगिताराजेंचा स्वित्झर्लंडमध्ये मृत्यू झाला. वय जेमतेम २३ च्या आसपास, मागे उषाराजे ही लहान मुलगी.

यशवंतरावांना इंदूरमध्ये एक ध्यानमंदिर बांधायचं होतं. ब्रांकुसी त्यासाठी भारतात येऊनही गेला. पण ते मंदिर कधीच उभं राहिलं नाही.

आणि योगायोग असा की कॉर्डचा उद्योगही त्याच १९३७ मध्ये कोसळला आणि ड्यूसेनबर्ग कंपनी बंद पडली. मॉडेल जेच्या जेमतेम ४८० च्या आसपास गाड्या बनल्या होत्या.

पुढे यशवंतरावांनी दोन लग्नं केली, दोन्ही अमेरिकन महिलांशी. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना खुलं पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची मागणी केली. इंग्रजांच्या छत्राखालच्या संस्थानिकाने असं करणं ही छोटी गोष्ट नव्हती.

क्रिकेटमध्येही त्यांनी पैसा आणि जीव ओतला. सी. के. नायडू यांच्यासारखा खेळाडू असलेल्या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. यशवंतराव तिथले उपराजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले. ५ डिसेंबर १९६१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. वय होतं ५३.

आज काय उरलंय?

माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्यातल्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. ज्या माणिकबागेत हे सगळं घडलं तिथे पुढे केंद्र सरकारच्या कर खात्याचं ऑफिस आलं. ड्यूसेनबर्ग अमेरिकेत परत गेली आणि जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये आजही इंदूरच्या महाराजांची गाडी म्हणूनच ओळखली जाते.

इंदूरकरांच्या तोंडी मात्र त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने असतं. शहरातलं सगळ्यात मोठं सरकारी हॉस्पिटल, ज्याला सगळे एमवाय म्हणतात, त्यातला वाय म्हणजे यशवंतराव. तिथे रोज येणाऱ्या पेशंटपैकी फार थोड्यांना या नावाच्या माणसाकडे कुठली गाडी होती हे माहीत असेल.

राहिला प्रश्न संगमनेरच्या त्या पोराचा. त्याच्याकडे ६.९ लिटरचं इंजिन नाही, १.२ लिटरचं आहे आणि त्याचे हप्ते सुरू आहेत. पण चंदनापुरी घाटात चढ लागल्यावर इंजिनाचा आवाज ऐकून, क्लच दाबून, त्याने बरोबर वेळेला दुसरा टाकला आणि गाडी न अडखळता चढली, तर तो जो आनंद आहे तो इंदूरच्या महाराजांनी एवढे डॉलर मोजून घेतला होता तोच आहे.

फक्त याच्या गाडीत सिंक्रोमेश आहे. म्हणजे एका बाबतीत तरी पोरगं राजापेक्षा सुखी आहे.