जोतीरावांचे नाकारलेले पुस्तक

मुलांनो, महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. आज त्यांच्या पुस्तकांची हकिकत ऐका.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. लहानपणी त्यांचीच शाळा सुटली होती. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांना मळ्यात कामाला लावले. शेजारी गफार बेग मुन्शी राहत. ते उर्दू-फारसीचे शिक्षक. त्यांनी आणि लिजिट साहेबांनी वडिलांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली मुलगा पुन्हा शाळेत गेला. मुन्शीजी गप्प बसले असते तर पुढची पुस्तके कोणी लिहिली असती?

१८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात एक अडाणी शेतकरी जोडपे आहे. जोशी ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडतो. शेवटी नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात.

हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. पेशवाईपासून शास्त्री-पंडितांना दक्षिणा मिळत असे. त्यातील काही पैसा मराठी पुस्तकांना द्यावा, अशी मागणी सुधारकांनी केली, तेव्हा पुण्यात मोठा विरोध झाला. त्या वेळी जोतीराव आपली माणसे घेऊन सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले होते. त्याच कमिटीने त्यांचे नाटक नाकारले! बक्षीस कोणाला द्यावे हे ठरवणे कमिटीचे काम होते, हे खरे. पण ज्यांच्यावर टीका होती, त्यांच्याच बाजूची माणसे निवाडा करायला बसली होती. नाटक बाजूला पडले. शंभराहून अधिक वर्षे ते छापले गेले नाही.

जोतीराव थांबले नाहीत. १८७३ साली 'गुलामगिरी' छापून निघाली. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. या वेळी अडचण घरच्यांकडूनच आली. 'दीनबंधु' हे त्यांच्या सहकाऱ्यांचे पत्र. त्याने काही भाग छापला आणि पुढचा छापायचे नाकारले. मग जोतीरावांनी काय केले? हस्तलिखित काखेत घेऊन ते मुंबई, पुणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी गेले आणि लोकांना वाचून दाखवू लागले. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनीही ते ऐकले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीसुद्धा ऐकले.

१८८८ साली पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. तेव्हा ते डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहू लागले. त्यात त्यांनी एक घर कल्पिले आहे. आईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचावे, वडिलांनी बायबल, मुलीने कुराण, मुलाने सत्यधर्माचे पुस्तक. ज्याला जे पटेल ते त्याने स्वीकारावे आणि सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एकाच घरात राहावे. असे घर त्या काळी किती जणांना सुचले असेल, विचार करा.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. त्यांचे हे शेवटचे पुस्तक पुढच्या वर्षी, १८९१ साली, छापून निघाले.