चवदार तळं, बीओडी आणि डॉ. आंबेडकर
मी पोलादपूरचा. पाण्याच्या पुनर्वापरावर लिहायचं म्हटलं की मला महाडचं चवदार तळंच आठवतं.

भीमराव आंबेडकर यांचा जन्म १८९१ चा. शाळेत त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. २० मार्च १९२७ ला हजारो लोकांसह ते चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं १९२४ मध्येच सगळ्यांना खुलं केलं होतं, पण कागदावर! मग तळं शुद्ध करायचं म्हणून त्यात १०८ घागरींनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं गेलं. याने बीओडी वाढतो, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला जेवढा ऑक्सिजन खातात तो. माणसाने ओंजळभर पाणी प्यायल्याने नाही वाढत. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर नदीच्या योजनेत त्यांनी बहुउद्देशीय धरणांचा आग्रह धरला: टर्बाइन फिरवलेलं पाणी पुढे शेतीला. पुनर्वापराचं हे थोरलं भावंडच.

१९५६ मध्ये ते गेले. आज सांडपाणी आरओ आणि अतिनील किरणांनी पिण्याइतकं स्वच्छ होतं. रिपोर्ट पास असतो, तरी लोक विचारतात, हे पाणी आधी कुणाकडे होतं?