लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा; मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे महाराष्ट्रातील आद्य यंत्रोद्योजकांपैकी एक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या उद्योगनगरीचे जनक होत. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांपासून त्यांनी कारखानदारीला आरंभ केला. पुढे उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप, विहिरीवरील पंप, लोखंडी सामान अशी विविध उत्पादने त्यांच्या कारखान्यातून बाहेर पडली. निरनिराळ्या ऐपतीच्या आणि निरनिराळ्या गरजांच्या ग्राहकांसाठी एकाच कारखान्यातून उत्पादनांची मालिका उभी करणे, हे त्यांच्या उद्योगाचे वैशिष्ट्य मानले जाते.

जन्म आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही हेच जन्मगाव. काशिनाथपंत हे लक्ष्मणरावांचे वडील. घरातील वातावरण जुन्या वळणाचे होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र शालेय अभ्यासात रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे या दोनच गोष्टींची त्यांना ओढ होती. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आर्थिक साहाय्याने ते मुंबईला गेले आणि सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे लक्षात आले. चित्रकाराचा मार्ग त्यामुळे बंद झाला. रेखाटनावरील त्यांचा हात मात्र उत्तम होता. रंगांची गरज नसलेल्या यांत्रिक रेखनाकडे ते वळले आणि त्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत त्यांना अध्यापकाची नोकरी लाभली. वर्गात रेखन शिकवावे आणि उरलेला वेळ कार्यशाळेत यंत्रांच्या सान्निध्यात घालवावा, असा त्यांचा क्रम होता. यंत्राचा भाग कागदावर कसा दिसतो आणि प्रत्यक्षात कसा घडतो, या दोन्हींचे ज्ञान त्यांना याच काळात झाले. हक्काची बढती डावलली गेल्यामुळे त्यांनी या नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

बेळगावातील दुकान

१८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी बेळगाव येथे सायकलींच्या दुकानाने व्यवसायाला आरंभ केला होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि रामुअण्णा त्या विकीत. सायकल ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू होती. ती विकायची तर विकत घेणाऱ्याला चालवायलाही शिकवावे लागे. यंत्र विकताना त्याच्या वापराचे शिक्षणही ग्राहकाला द्यावे लागते, हा धडा किर्लोस्कर बंधूंना येथे मिळाला आणि पुढे नांगर विकताना तो उपयोगी पडला.

बेळगाव हे जिल्ह्याचे ठिकाण असल्याने भोवतालच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचा तेथे राबता असे. परदेशी सायकलींची विक्री करण्यापेक्षा या शेतकऱ्याला लागणारे अवजार येथेच घडवावे, या विचाराने लक्ष्मणरावांनी छोटी कार्यशाळा उभारली.

कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर

त्यांनी हाती घेतलेले पहिले शेतीयंत्र कडबा कापण्याचे होते. ज्वारीची अख्खी ताटे जनावरांपुढे टाकली, तर पाने आणि शेंडे खाल्ले जातात व जाड बुडखे वाया जातात. कडब्याचे बारीक तुकडे केले की वैरण पुरवठ्यास येते. दुष्काळी मुलखातील शेतकऱ्याला हा लाभ समजावून सांगण्याची फारशी गरज नव्हती.

१९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. त्या वेळी बाजारात इंग्लंडहून आलेले लोखंडी नांगर मिळत, परंतु बहुसंख्य शेतकरी लाकडी नांगरच वापरीत. लाकडी नांगर माती उकरतो, पण तिची थर उलथून टाकीत नाही. खोल काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांसारख्या तणांची मुळे तशीच राहतात. लोखंडी नांगर माती उलटी करतो, मुळे उघडी पाडतो आणि उन्हाळ्याच्या तापात ती वाळून जातात. हा फायदा असूनही लोखंडामुळे जमिनीला विषबाधा होते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ज्या काही थोड्या शेतकऱ्यांनी नांगर नेला, त्यांच्या शेतांतील पीक हीच पुढे त्याची जाहिरात ठरली.

नांगराचा जम बसू लागला असतानाच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. कारखाना उभा होता तो भाग नव्या वस्तीसाठी हवा असल्याने नगरपालिकेने जागा रिकामी करण्यास सांगितले. चालता कारखाना उचलून न्यावा, तर दुसरी जागा आणि भांडवल दोन्हीही हाताशी नव्हते.

किर्लोस्करवाडी

या अडचणीच्या प्रसंगी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. त्यांनी लक्ष्मणरावांना औंध येथील मंदिराच्या सभामंडपाचे काम दिले आणि नंतर कारखान्यासाठी आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वेस्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली. बिनव्याजी कर्जही दिले. जमीन खडकाळ, निवडुंगाने व्यापलेली आणि सापांनी भरलेली होती. तिचा एकच मोठा गुण होता. ती लोहमार्गालगत होती. जड लोखंड आत आणण्यासाठी आणि जड नांगर बाहेर पाठवण्यासाठी हाच गुण निर्णायक होता.

१० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. शंभुराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे सहकारी लक्ष्मणरावांसोबत आले. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनी सांभाळली. कारखान्यामागोमाग घरे, पाणीपुरवठा, शाळा अशी रचना होत गेली. कुंडल रोड हे स्थानकही पुढे किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

उत्पादनांची मालिका आणि ग्राहकवर्ग

शेतकरी हा एकसंध ग्राहक नाही, याची जाण लक्ष्मणरावांच्या उत्पादनांत दिसते. हलक्या जमिनीत एका बैलजोडीने ओढण्याजोगा नांगर पुरे होतो. कृष्णेच्या खोऱ्यातील किंवा गोदावरीकाठच्या नांदेड भागातील खोल काळ्या जमिनीत तोच नांगर वरच्या वर घसरतो. तेथे अधिक वजनाचा, अधिक खोल जाणारा आणि दोन किंवा अधिक जोड्यांनी ओढायचा नांगर लागतो. म्हणून कारखान्यातून लहानमोठ्या आकारांचे नांगर निघू लागले आणि ते क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. शेतकऱ्याने आपली जमीन आणि आपले बैल पाहून क्रमांक निवडावा, अशी ही व्यवस्था होती.

नांगराचा फाळ सर्वांत लवकर झिजतो. परदेशी नांगराचा फाळ झिजला की नवा मिळण्यास विलंब होई आणि पेरणीपूर्वीची नांगरट खोळंबे. सुटे भाग आपल्याच देशात ओतले जात असल्याने ते वेळेवर पुरवणे किर्लोस्करांना शक्य झाले. नांगर एकदाच विकला जातो, परंतु फाळ पुन्हा पुन्हा लागतो. त्यामुळे ग्राहकाशी असलेला संबंध टिकून राही आणि ओतशाळेलाही वर्षभर काम मिळे.

नांगराचा हंगाम थोडा असतो, तेव्हा उरलेल्या महिन्यांत कारखाना कशावर चालवायचा, हा प्रश्न होता. याचे उत्तर शेतकऱ्याच्याच वर्षक्रमात सापडले. सुगीनंतर कडबा कापण्याचे यंत्र लागते. भुईमुगाचे पीक घेणाऱ्या भागात शेंगा फोडण्याचे यंत्र लागते. गुळाच्या पट्ट्यात गुऱ्हाळ सुरू झाले की उसाचा चरक लागतो. यांपैकी काही यंत्रे हाताने, तर काही बैलांच्या बळाने चालत. एकाच ओतशाळेत, त्याच कारागिरांच्या हातून, हंगामागून हंगाम निराळ्या शेतकऱ्यांसाठी निराळी यंत्रे घडत गेली. एका पिकाला मंदी आली तरी कारखाना बंद पडू नये, हा या विविधतेचा दुसरा लाभ होता.

या मालिकेला मर्यादाही होत्या. मोठा नांगर ओढण्यास जितके बैल लागत, तितके लहान शेतकऱ्याच्या दावणीला नसत. सावडीने बैल एकत्र केल्याशिवाय किंवा भाड्याने नांगरट करून घेतल्याशिवाय त्याला या नांगराचा उपयोग करून घेता येत नसे. रोख पैसा हाती नसलेल्या शेतकऱ्याच्या घरी लाकडी नांगर पुढेही अनेक वर्षे टिकून राहिला. बागाईतदार आणि मध्यम शेतकरी हाच किर्लोस्करी अवजारांचा पहिला मोठा आधार होता.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी नांगरांची आयात रोडावली आणि देशी नांगराला मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. गिऱ्हाईक दाराशी उभे आणि माल घडवायला लोखंड नाही, अशी स्थिती आली. या टंचाईत कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडवण्यात आले. युद्धकाळातून कारखाना तरला आणि त्याचा विस्तारही झाला. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' ही मर्यादित भागीदारीची कंपनी स्थापन झाली.

'किर्लोस्कर खबर'

ग्राहकांपर्यंत पोहोचण्यासाठी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू करण्यात आले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे त्याचे संपादक होते. आरंभी कारखान्याच्या मालाची माहिती विक्रेत्यांना आणि ग्राहकांना देणे, एवढाच त्याचा हेतू होता. लवकरच त्यात उद्योग, आरोग्य, समाजसुधारणा आणि साहित्य यांवरील मजकूर येऊ लागला. पुढे 'किर्लोस्कर' या नावाने ते मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. १९३० मध्ये स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर' ही मासिके निघाली. शेतकऱ्यांसाठी निराळ्या क्रमांकांचे नांगर काढणाऱ्या संस्थेने वाचकांच्या बाबतीतही तीच पद्धत अवलंबिली, असे या तिन्ही मासिकांकडे पाहता म्हणता येते.

पंप, इंजिने आणि मंदीचा काळ

विहिरीतून पाणी उपसण्यासाठी मोट आणि रहाट ही साधने महाराष्ट्रात सर्वत्र होती. मोटेला माणूस आणि बैल दोन्ही अडकून पडत. घरगुती आडासाठी हातपंप आणि शेतीच्या विहिरीसाठी यंत्रचलित पंप, असे दोन निराळे ग्राहक येथेही होते. १९२६ मध्ये कारखान्यात केंद्रोत्सारी पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतून अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून परतले. त्यांच्यासोबत गेलेले पुतणे माधवराव यांचे मात्र परदेशातच निधन झाले होते.

पंप विकायचा तर तो चालवणारे इंजिन हवे आणि इंजिन हवे तर त्याची दुरुस्ती जाणणारा कारागीर हवा. नांगराच्या व्यवसायात न भासलेली ही गरज होती. येथून किर्लोस्करांचा प्रवास अवजारांकडून यंत्रांकडे वळला.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नाही आणि नांगरांचा खप घसरला. केवळ शेतकऱ्यावर विसंबलेला कारखाना अशा वेळी किती असुरक्षित असतो, हे स्पष्ट झाले. या दशकात लोखंडी खुर्च्या, खाटा यांसारखे सामान आणि लेथ यंत्रे यांकडे लक्ष देण्यात आले. यांचा ग्राहक शहरातील कचेऱ्या, रुग्णालये आणि लहान कार्यशाळा हा होता. बाजाराचा दुसरा पाय अशा रीतीने तयार झाला.

१९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रसामग्रीसाठी 'म्हैसूर किर्लोस्कर' आणि १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांसाठी 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' व बंगळूर येथे विजेच्या यंत्रांसाठी 'किर्लोस्कर इलेक्ट्रिक' या कंपन्या उभ्या राहिल्या. एका कारखान्यातील निरनिराळ्या उत्पादनांना आता स्वतंत्र कारखाने मिळाले. या विस्ताराचे नेतृत्व शंतनुरावांनी केले.

सामाजिक दृष्टी

लक्ष्मणराव अस्पृश्यतेचे विरोधक होते आणि किर्लोस्करवाडीत जातिभेदाला थारा नसावा, असा त्यांचा आग्रह होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी कारखान्यात राखणदारीचे विश्वासाचे काम दिले. औपचारिक पदवीपेक्षा हातातील कसब ते महत्त्वाचे मानीत. त्यांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी अनेक जण कामातूनच शिकून तयार झाले होते.

अखेरची वर्षे

जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यावर जमावाने हल्ला केला आणि त्यास आग लावली. अडतीस वर्षांच्या श्रमाची मोठी हानी झाली. वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर लक्ष्मणरावांना हा आघात सोसावा लागला. कारखाना पुन्हा उभारण्यात आला आणि उत्पादन सुरू झाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

वारसा

भारतीय डाक विभागाने जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये लक्ष्मणरावांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. शं. वा. किर्लोस्कर यांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने त्यांचे चरित्र लिहिले आहे. महाराष्ट्राच्या शेतीत पुढे पंपाला मध्यवर्ती स्थान मिळाले. एका विहिरीच्या बागाइतीपासून नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या मोठ्या उपसा सिंचन प्रकल्पापर्यंत पाणी वर उचलण्याच्या गरजा अनेक प्रकारच्या आहेत आणि प्रत्येक गरजेला निराळ्या क्षमतेचा पंप लागतो. जमीन आणि बैल पाहून नांगराचा क्रमांक ठरवण्याची किर्लोस्करवाडीतील जुनी रीत याच तत्त्वावर आधारलेली होती. ज्या माळावर १९१० मध्ये निवडुंग होता, तेथे पंपांचा कारखाना आजही चालू आहे.