सर जॉर्ज थॉमस

एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी पिसांचे हलके फूल जाळीवरून टोलविण्याचा खेळ खेळत असत. तोच खेळ पुढे इंग्लंडात ‘बॅडमिंटन’ या नावाने नावारूपास आला. या खेळाच्या निमित्ताने देशोदेशींच्या खेळाडूंना एकत्र आणण्यासाठी सर जॉर्ज थॉमस यांनी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १८८१ साली तुर्कस्तानात, कॉन्स्टँटिनोपल शहराजवळ झाला. त्यांच्या मातोश्री बुद्धिबळात निपुण होत्या. जॉर्जही बुद्धिबळात प्रवीण झाले आणि पुढे दोनदा इंग्रजांचे राष्ट्रीय विजेतेपद त्यांनी मिळविले. १९१२ साली लंडनमध्ये एडवर्ड लास्कर या खेळाडूने आपल्या वजिराचा बळी देऊन जॉर्ज यांचा राजा पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाकीत नेला व मात केली. एवढा मानहानीचा पराभव झाला, तरी जॉर्ज रागावले नाहीत. उलट, त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची मोकळ्या मनाने वाखाणणी केली.

बॅडमिंटनमध्ये मात त्यांची सद्दी होती. ‘ऑल इंग्लंड’ ही त्या काळची सर्वांत मानाची स्पर्धा. पहिल्या महायुद्धामुळे ती पाच वर्षे बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा जॉर्ज चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. तरीही १९२० ते १९२३ अशी सलग चार वर्षे एकेरीचे विजेतेपद त्यांनीच पटकाविले. १९०३ पासून १९२८ पर्यंत त्यांनी या स्पर्धेत एकेरी, दुहेरी व मिश्र दुहेरी मिळून एकवीस विजेतेपदे मिळविली.

१९३४ साली नऊ देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघ स्थापन केला आणि अध्यक्षपदी सर जॉर्ज यांची निवड झाली. हे पद त्यांनी १९५५ पर्यंत सांभाळले. राष्ट्राराष्ट्रांच्या संघांमध्ये सामने व्हावेत, म्हणून १९३९ साली त्यांनी एक भव्य करंडक देऊ केला. परंतु त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. जे देश एकमेकांशी खेळावयाचे, ते एकमेकांवर तोफा डागू लागले. सर जॉर्ज यांनी धीर सोडला नाही. अखेर १९४८-४९ मध्ये पहिली स्पर्धा झाली. इंग्लंडातील प्रेस्टन शहरी झालेल्या अंतिम सामन्यात डेन्मार्कला ८-१ असे हरवून मलायाने करंडक जिंकला. मलाया त्या वेळी इंग्रजांच्या अंमलाखाली होता! राज्यकर्त्यांच्या भूमीवर पारतंत्र्यातील तरुणांनी जगज्जेतेपद मिळविले. क्रीडांगणावर धनी आणि चाकर असा भेद उरत नाही, तो असा.

१९७२ साली सर जॉर्ज निवर्तले. पुढे २०२२ साली भारतानेही बँकॉक येथे इंडोनेशियाला नमवून हा थॉमस करंडक प्रथमच जिंकला. २०२४ पर्यंतच्या एकाही स्पर्धेत इंग्लंडला मात्र तो मिळाला नव्हता. परंतु सर जॉर्ज यांनी तो आपल्या घरी राहावा म्हणून दिलाच नव्हता. जो उत्तम खेळेल त्याचा तो व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती.