कै. रे. नारायण वामन टिळक व त्यांचें घर

बाळापूरचा जो प्रवासी पारस स्टेशनावर गाडींत बसून नागपूर व तेथून पुढें राजनांदगांवास जातो, त्याच्या वाटेचा शेवटला टप्पा मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगा आहे. इ. स. १८९३ मध्यें ह्याच टप्प्यांत नारायण वामन टिळक ह्या चित्पावन ब्राह्मण कवीस आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनीं ती वाचावयास घेतली ती दिलेल्या शब्दाखातर; परंतु मत्तयाच्या पांचव्या अध्यायापाशीं पर्वतावरील प्रवचन लागलें, आणि मग तें पुस्तक त्यांच्यानें खालीं ठेववेना. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, तोहि कोणा साहेबाच्या हातून नव्हे, एका देशी पाळकाच्या हातून.

जात गेली, नातलग दुरावले. पुष्कळ वाचकांनीं हें आपल्या गांवच्या विहिरीवर व पंगतींत स्वतः भोगलें आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्याविषयीं. टिळकांनीं ज्याच्यासाठीं सोसलें त्याला ओळखून सोसलें. बाईंस ती ओळख नव्हती. नवरा जिवंत असतां वियोग प्राप्त झाला. पदरीं लहानगा दत्तू, आणि नातलगांच्या आश्रयानें दिवस काढणें आलें. अशीं चार-पांच वर्षें गेलीं. ख्रिस्तासाठीं दुःख सोसण्याविषयीं बोलतांना आपण बाप्तिस्मा घेणाऱ्याचेंच नांव घेतों. दाराआड रडणारीचें घेत नाहीं. आमच्या मतें हें बरें नव्हे. एखाद्या खेड्यांत पुरुष एकटाच बाप्तिस्मा मागावयास येतो, तेव्हां त्याच्या घरीं काय चाललें आहे हें उपदेशकांनीं अवश्य विचारावें.

अशा प्रसंगीं ख्रिस्ती झालेल्या पुरुषास विवाह मोडून घेण्याची मोकळीक १८६६ च्या कायद्यानें मिळाली होती. टिळकांनीं तिचा उपयोग केला नाहीं. ते वाट पाहत राहिले. पुढें बाई नगरास आल्या तेव्हां त्यांचें सोंवळेंहि बरोबर आलें. चूल निराळी, पाणी निराळें. आणि टिळकांनीं तें तसेंच चालूं दिलें. स्वभावानें तापट असलेल्या ह्या माणसाची ही सबुरी आम्हांस त्यांच्या कवितेहून थोर वाटते. जातिभेद देवानें नव्हे, माणसांनीं केला, हें बाईंस कोणी वादांत जिंकून पटविलें नाहीं. त्यांचें त्यांनाच विचारांतीं पटलें. इ. स. १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. हा सारा काळ त्यांनीं पुढें ‘स्मृतिचित्रें’ ह्या पुस्तकांत लिहिला, आणि नवल हें कीं तो वाचतांना हंसूं येतें.

इ. स. १९१७ मध्यें टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ता. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईंत निवर्तले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य तेव्हां थोडेंसेंच लिहून झालें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.