खोल पाण्यातली नशा मोजणारे हाल्डेन

1 जून 1939 रोजी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. आतल्या 103 जणांपैकी चौघेच वाचले. मृतांत जहाजबांधणी कामगारही बरेच असल्याने कामगार संघटनांनी चौकशीसाठी शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांची मदत घेतली. कोंडलेल्या हवेत माणसाचे काय होते, हे पाहायला हाल्डेन स्वतःच बंद पोलादी टाकीत जाऊन बसले.

हा वारसा घरचाच. त्यांचा जन्म 1892 मध्ये ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक. पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने वर कसे यावे, याची कोष्टके त्यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केली. त्याच प्रयोगांत त्यांनी 13 वर्षांच्या मुलालाही समुद्रात उतरवले होते. मुलाने पुढे नाव कमावले ते मात्र आनुवंशिकीत.

‘थेटिस’नंतर नौदलाने हाल्डेन यांच्याकडे नवे काम सोपवले. ते आणि त्यांचे सहकारी टाकीत दहापट दाब सोसत. पाण्यात सुमारे 90 मीटर खोलीवर एवढा दाब असतो. तिथे ते गणिते सोडवत, हाताच्या कौशल्याच्या चाचण्या देत. साधी हवा घेताना गणिते चुकत, कुणी उगाच हसत सुटे. नोंदी ठेवणाराही त्याच धुंदीत असल्याने नोंदींचाही भरवसा नसे.

दोष नायट्रोजनचा होता. हवेत तो 78 टक्के असतो आणि एरवी निरुपद्रवी. दाब वाढला की तो जास्त प्रमाणात रक्तात व मज्जासंस्थेत विरघळतो आणि भुलीच्या औषधासारखा गुंगी आणतो. अमेरिकी नौदलातील डॉ. आल्बर्ट बेन्की यांनी 1935 मध्येच नायट्रोजनकडे बोट दाखवले होते. नायट्रोजनऐवजी हेलियम मिसळला की डोके ताळ्यावर राही.

मग शुद्ध ऑक्सिजनच का घेऊ नये? त्याचे उत्तर हाल्डेन यांच्या पाठीने दिले. जास्त दाबाखालच्या ऑक्सिजनने त्यांना झटके आले आणि मणक्यांना कायमची इजा झाली.

आजही वायूची निवड याच दोन धोक्यांच्या मधून होते. साध्या हवेवर सुमारे 30 मीटरखाली गुंगी जाणवू लागते. हौशी पाणबुड्यांची मर्यादा 40 मीटर मानतात. त्याहून खोल जाणारे प्रशिक्षित लोक हेलियमचे मिश्रण वापरतात. जादा ऑक्सिजनचे ‘नायट्रॉक्स’ मात्र खोल जाण्यासाठी नसते. त्याची खोलीची मर्यादा हवेपेक्षा कमीच असते. गुंगी वाटली तर थोडे वर येणे हाच उपाय. ती लगेच ओसरते. मात्र गुंगीतला माणूस ते विसरू शकतो, म्हणून जोडीदार सोबत हवा.

1957 मध्ये हाल्डेन भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले आणि पुढे भारतीय नागरिक झाले. 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वरला कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकिनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.